परतफेडीचे गणित



बियाणे, खते, फवारणी हे आपले नेहमीचे विषय. या खेपेस जरा निराळा विषय घेतो आहे. गारपीट झाली, टोळधाड आली, तर पंचनाम्याला माणसे येतात. भाऊ भावाशी बोलेनासा झाला आणि त्यापायी बाग वाळली, तर कोणी येत नाही. नुकसान मात्र तेच असते, आणि पुष्कळदा जास्तच. तुटलेला विश्वास पुन्हा कसा जुळावा याचे गणित काही विद्वानांनी मांडून पाहिले आहे. ते समजायला बेरीज आणि गुणाकार पुरेसा आहे. त्यातले आपल्या कामाचे काय, ते आज पाहू.

आधी सावड घेऊ. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकाच बैलवाल्याशी सावड करी आणि दोघांची वखरणी-पेरणी एका जोडीवर होई. आता ट्रॅक्टर आले, बैलांची सावड कमी झाली. पण निंदणाला बाया अजून एकमेकींच्या वावरात जातात, फवारणीचा पंप फिरतो, सामाईक विहिरीची पाळी चालते. सारा व्यवहार एकाच भरवशावर असतो. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या.

यात लबाडीला जागा आहेच. समजा दोघेही ठरल्याप्रमाणे आले, तर प्रत्येकाला ३ गुण. दोघेही आले नाहीत, तर कसेबसे एकट्याने निभावले म्हणून १ गुण. एकाने दुसऱ्याकडून काम करून घेतले आणि स्वतः दडी मारली, तर त्याला ५ आणि राबणाऱ्याला शून्य. एकदाच काम पडणार असेल तर दडी मारणारा फायद्यात दिसतो. पण शेजार एका दिवसाचा नसतो.

अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी हाच खेळ, याच गुणांचा, संगणकावर खेळवला आणि १९८० साली त्याचा निकाल छापला. निरनिराळ्या विद्वानांनी १४ युक्त्या पाठवल्या होत्या. प्रत्येक युक्तीची प्रत्येकीशी २०० डावांची गाठ. काही युक्त्या मोठ्या डोकेबाज होत्या. जिंकली ती सर्वांत आखूड. टोरांटोचे ॲनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली. पहिल्या डावाला चांगले वागायचे, पुढे समोरचा मागल्या डावाला जसा वागला तसे आपण वागायचे. जशास तसे, एवढेच. दुसऱ्या वेळी सहा देशांतून ६२ युक्त्या आल्या, तरी पुन्हा तीच जिंकली.

हे ऐकून आपल्यातले पुष्कळजण खूश होतील. जशास तसे तर आम्ही पिढ्यान् पिढ्या करीत आलो! पण थांबा. त्या खेळात चुकून काही घडत नव्हते. कोणाचा बैल आजारी पडत नव्हता, कोणाचा निरोप रस्त्यात हरवत नव्हता. आपल्याकडे हे रोजचे आहे.

आता दोघेही पक्के ‘जशास तसे’वाले आहेत असे धरा. एके दिवशी एकाचे येणे चुकून राहिले. पुढल्या पाळीला तो आला, पण दुसऱ्याने मागचा वचपा काढला, तो आला नाही. त्याच्या पुढल्या पाळीला दुसरा आला, तर पहिल्याने त्याचा वचपा काढला. असे आलटून-पालटून चालतच राहते. एकाला शून्य, दुसऱ्याला ५, मग उलट. सरासरी ३ गुणांवरून अडीचवर येते. मध्येच आणखी एक चूक अशी पडली की दोघांनीही एकाच वेळी पाठ फिरवली, तर दोघेही १ गुणावर अडकून बसतात. गंमत अशी की यात बेइमान कोणीच नाही. दोघेही आपापल्या परीने न्यायानेच चालले आहेत.

काटोलकडचे दोन भाऊ गेल्या वर्षी निरनिराळ्या दिवशी माझ्याकडे प्रतापनगरला आले होते. गाव सांगत नाही. संत्र्याची बाग वडिलांनी लावलेली, हिस्सेवाटप झालेले, विहीर सामाईक, एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. एप्रिलची गोष्ट. थोरल्याची पाळी संध्याकाळी संपली तेव्हा लाइट गेलेली होती, म्हणून मोटर बंद आहे असे समजून तो घरी गेला. स्टार्टरला ऑटो स्विच होता. रात्री लाइट आली, मोटर आपोआप चालू झाली आणि पहाटेपर्यंत पाणी थोरल्याच्या बागेत गेले. सकाळी धाकटा आला तर विहिरीला तळ दिसत होता.

त्याने काही विचारले नाही. फ्यूज काढून खिशात टाकले. थोरल्याची पाळी कोरडी गेली. मग थोरल्याने धुऱ्यावरून जाणाऱ्या बैलबंडीच्या वाटेवर बोरीच्या काट्या टाकल्या. धाकट्याने पाइपलाइनचा जोड उखडला. मे महिन्याच्या उन्हात आंबिया बहाराची फळे ओलिताशिवाय किती टिकणार? दोघांच्याही झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला. पोळ्याला थोरल्याचे बैल धाकट्याच्या दारापुढून गेले, कोणी ओवाळले नाही. माझ्याकडे आले तेव्हा दोघांचे वाक्य एकच होते : “साहेब, त्याने जेवढे केले तेवढेच मी केले, जास्त नाही.”

दोघेही खोटे बोलत नव्हते. इथे आता खरे गणित येते.

पहिला राग १०० धरा. प्रत्येक जण मिळाले त्याच्या नऊ-दशांश परत करतो असे माना. म्हणजे १००, ९०, ८१, ७३, ६६ असे उतरत जाईल. सातव्या पाळीला ते निम्म्याच्या खाली येते आणि बावीस पाळ्यांत दहाच्या खाली. आता प्रत्येक जण मिळाले त्यापेक्षा फक्त एक-दशांश जास्त परत करतो असे माना. १००, ११०, १२१, १३३. आठव्या पाळीला ते दुपटीच्या पुढे जाते आणि त्याला अंत नाही. नऊ-दशांश आणि अकरा-दशांश यांत फरक तो केवढा! भांडण विझते की पेटते हे पहिल्या रागाच्या आकारावर नसते. १०० च्या जागी १० घ्या की १००० घ्या, वाट तीच. ते ठरते परतफेडीच्या या आकड्यावर. बापाला मारहाण झालेली दोन घरे पुन्हा नांदताना मी पाहिली आहेत आणि बोराच्या एका झाडावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्याही पाहिल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, आम्ही जास्त कुठे देतो, बरोबरीचेच देतो. लंडनमधील शास्त्रज्ञांनी २००३ साली याचीच परीक्षा घेतली. दोन माणसे समोरासमोर बसवली. एकाच्या बोटावर यंत्राने हलका दाब दिला आणि सांगितले, तुला जेवढा दाब जाणवला तेवढाच दुसऱ्याच्या बोटावर दे. मग दुसऱ्यालाही तेच सांगितले. एकाला काय सांगितले ते दुसऱ्याला माहीत नव्हते. प्रत्येकाने प्रामाणिकपणे बरोबरीचाच दाब दिला. पण यंत्रावर मोजला तर दर पाळीला तो सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत होता. या हिशेबाने पाच पाळ्यांत दाब पाचपट होतो. कारण असे की आपल्या हाताने दिलेला दाब आपल्या मेंदूला कमी जाणवतो आणि बाहेरून आलेला पुरता जाणवतो.

हे बोटाचे झाले. मनाचे आकडे नेमके तेच असतील असे मी म्हणणार नाही. पण दिशा तीच आहे, हे कोणत्याही सासू-सुनेला विचारा. मी बोलले ते सहज, ती बोलली ते लागट. तेव्हा ‘बरोबरीचे’ द्यायचे असेल तर मनाला बरोबर वाटते त्यातून पाव भाग तरी काढून टाकला पाहिजे. १ ला १.३८ ने भागले तर ०.७२ येते, म्हणजे पाऊणपेक्षाही थोडे कमी. रुपयाला बारा आणे. दोन्ही भावांना मी हे असेच सांगितले. थोरला हसला, धाकटा हसला नाही.

पुढचा प्रश्न असा की चुकून पडलेली गाठ सोडवायची कोणी आणि कशी? मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड या दोन ऑस्ट्रियन गणितज्ञांनी १९९२ साली याचे एक उत्तर काढले. जशास तसेच राहायचे, पण समोरच्याच्या तीन चुकांपैकी साधारण एक सोडून द्यायची. वर आपण घेतलेल्या ३-५-१-० या गुणांना हा एक-तृतीयांशाचा आकडा बसतो. याहून कमी सोडले तर वचप्यांची साखळी लांबते, याहून जास्त सोडले तर लबाडाचे फावते. त्यात एक बारकावा आहे. कोणती चूक सोडणार ते ठरलेले असू नये. दर तिसरी माफ असे कळले, की हिशेबी माणूस तिसरीची वाट पाहील.

दुसरे उत्तर ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यासाठी आहे. ॲक्सेलरॉड यांनी वू यांच्याबरोबर १९९५ मध्ये ते तपासून पाहिले. आपल्याकडून पाळी चुकली असेल, तर समोरच्याने काढलेला एक वचपा निमूटपणे सोसायचा, त्याचा वचपा काढायचा नाही आणि पुढल्या पाळीला ठरल्याप्रमाणे हजर व्हायचे. एवढ्याने साखळी तिथेच तुटते. जुन्या माणसांच्या भाषेत हे प्रायश्चित्त. थोरल्याला मी हेच म्हटले. मोटर चुकून चालू राहिली, कबूल. पण त्यानंतर फ्यूज गेले ते तुमच्या खात्यावरचेच होते. तिथे गप्प राहिला असता, तर वाटेवर काट्या पडल्या नसत्या.

माफी किती द्यावी यालाही मर्यादा आहे, आणि हे आमच्या माय-भगिनींनी नीट वाचावे, कारण उपदेश बहुधा त्यांनाच होतो. ‘दोन चुका होईपर्यंत काही करायचे नाही, मगच एकदा वचपा काढायचा’ अशीही एक मवाळ युक्ती होती. पहिल्या स्पर्धेत ती कोणी उतरवली असती तर तीच जिंकली असती, असे नंतर हिशेबाने दिसले. म्हणून दुसऱ्या स्पर्धेत इंग्लंडचे जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी ती उतरवली. ती चोविसावी आली. कारण या वेळी समोर अशा युक्त्या होत्या की ज्या मवाळ माणूस हेरून त्याला लुबाडीत होत्या. दारू पिऊन मारणारा नवरा, हुंड्यासाठी छळणारे घर, मजुरी बुडवणारा मालक, यांच्यापुढे तीनातली एक माफ हे गणित लावू नका. ते चुकणाऱ्या माणसांसाठी आहे. मारहाणीला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि ११२ हा फोन आहे.

खोटेपणाचेही असेच आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना पैशांचा एक खेळ पुष्कळ फेऱ्या खेळायला दिला. आधी समोरच्याने त्यांचा भरवसा मोडला, मग तो सातत्याने नीट वागू लागला. भरवसा बऱ्यापैकी परत आला. ‘यापुढे नीट वागेन’ असे वचन दिले तर तो अधिक लवकर आला. पण भरवसा मोडण्याबरोबर खोटेही बोलले गेले होते, तिथे मात्र पुढे कितीही नीट वागले, वचन दिले, माफी मागितली, तरी तो पूर्वीइतका भरला नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, पाणी जास्त गेले तर गेले म्हणा. ‘मला काय माहीत, लाइटवाल्यांना विचार’ असे म्हणू नका. पाण्याचे नुकसान पुढल्या पावसाने भरते.

नवरा-बायकोच्या बाबतीत असे गणित अमेरिकेतील सिएटल येथे जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि जेम्स मरे या गणितज्ञांनी मांडले. त्यांचे पुस्तक २००२ साली निघाले. जोडप्याला समोरासमोर बसवून खटक्याच्या एखाद्या विषयावर पंधरा मिनिटे बोलायला सांगायचे आणि प्रत्येक बोलण्याला अधिक किंवा उणे गुण द्यायचे. मग या घडीचा नवऱ्याचा सूर हा त्याच्या स्वभावाचा किती, मागल्या घडीचा राग उरला तो किती आणि बायकोच्या बोलण्याचा परिणाम किती, अशी तीन भागांची बेरीज मांडायची. बायकोचीही तशीच. टिकलेल्या जोडप्यांत, भांडतानासुद्धा, एका वाकड्या बोलण्यामागे पाच चांगली बोलणी सापडली. मोडकळीला आलेल्यांत एकामागे एकही धड भरत नव्हते, पाऊणच्या आसपास. या मंडळींनी कोणाचा घटस्फोट होईल हे आधीच सांगता येते असाही दावा केला. तो मला जरा जास्तीचा वाटतो; ज्या जोडप्यांवरून सूत्र काढले त्यांच्यावरच ते तपासले, अशी टीकाही त्यावर झाली. बियाण्याची चाचणी ज्या प्लॉटवर बेतली त्याच प्लॉटवर घेऊन शिफारस कोणी करीत नाही. पण पाचास एक हे प्रमाण मला आपल्या घरांत खरे वाटते. एक वाकडा शब्द पुसायला एक गोड शब्द पुरत नाही. एका उंदराने पोखरलेला बांध एका टोपलीच्या मातीने बुजत नाही, तसेच हे.

त्यांच्या कामात आणखी एक गोष्ट निघाली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. चांगली नांदणारी जोडपी फार सोशिक असतील असे आपल्याला वाटते. निघाले उलटेच. ती लहानशा खटक्यालाच बोलून मोकळी होत होती आणि लगेच दुरुस्तीला लागत होती. मोडणारी जोडपी पुष्कळ सोसत, साठवत होती आणि मग एकदम फुटत होती. बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो ते कशाला? नुकसानीची पातळी गाठण्याआधी कळावे म्हणून. धाकट्याने त्या सकाळी फ्यूज काढण्याऐवजी “दादा, रात्री मोटर चालू होती का?” एवढे विचारले असते, तर पुढले काहीच घडले नसते.

त्या दोघांचे पुढे काय झाले ते सांगतो. विहिरीवर एक शंभर पानी वही टांगली. मोटर चालू केली ती वेळ, बंद केली ती वेळ, सही. ऑटो स्विच काढून टाकला. कोणाची पाळी लाइटीअभावी बुडाली तर पुढल्या दिवशी दोन तास भरून द्यायचे, हे लिहून ठेवले. हा झाला हिशेबाचा भाग. पाचास एक वाला भाग बिनहिशेबी ठेवला. लाइट आली की एकमेकांना फोन करायचा, जोड गळत असेल तर ज्याला दिसेल त्याने बांधायचा, धाकट्याच्या मुलीला कॉलेजला सोडायला थोरल्याच्या मुलाची मोटारसायकल जाते. वहीवर दोनदा खाडाखोड झाली, त्यावरून एकदा तंटाही झाला. काट्या निघाल्या, वाट सुरू झाली. जावा-जावा मात्र अजून बोलत नाहीत. या वर्षी फळ बरे टिकले आहे.

गावात तंटा मिटवताना आपण एक चूक नेहमी करतो. २००७ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बसल्या. अनेक समित्यांनी चांगले काम केले. पण समेट एका संध्याकाळी होतो, हार घातले जातात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. वरचे आकडे पाहा. नऊ-दशांशाने विझायलासुद्धा बावीस पाळ्या लागतात. तेव्हा समेट घडवणाऱ्यांनी महिन्याने एकदा आणि पुढल्या हंगामात एकदा त्या धुऱ्यावर चक्कर मारावी. चहा घ्यावा, वही पाहावी.

जमिनीचाच वाद असेल तर कागदही नीट करून घ्यावा. धुऱ्यावरून जाण्या-येण्याचा हक्क हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे अशी उलटसुलट वहिवाट असेल, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. तीत मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये अशी नाममात्र ठेवली होती. अट अशी की ही वहिवाट किमान बारा वर्षांची हवी आणि तिचा पंचनामा झालेला हवा. मुदत कुठपर्यंत आहे ते तलाठी कार्यालयात आधी विचारून घ्या. जाताना दोघांनी एकाच गाडीवर जावे आणि दोन्ही गटांचे चालू सातबारा बरोबर न्यावेत.